मागच्या दोन चाकांचा मेळ

गॅरेजात गिऱ्हाईक कधी नुसती गाडी घेऊन येत नाही, सोबत एखादा किस्सा घेऊनच येतं. गाडी दुरुस्त होऊन जाते, किस्सा तेवढा आपल्याकडं राहतो! कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्हा दोघा भावांचं गॅरेज. पुढं मी टायर आणि रिमा विकायचो, मागं थोरला अण्णा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गोळा, खोलून बसायचा. सांगायला लागलो की घरचे म्हणतात, "झालं ह्यांचं सुरू!"

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्याकडं लिमिटेड स्लिपवाल्या जीपा यायला लागल्या. साध्या गाडीचं मागचं एक चाक चिखलात फिरायला लागलं की दुसरं नुसतं बघत बसतं. लिमिटेड स्लिपमध्ये डिफरन्शियलच्या आतल्या प्लेटी त्या दुसऱ्यालाही ओढायला लावतात. अट एकच, मागची दोन्ही चाकं सारख्या मापाची पाहिजेत. एक लहान, एक मोठं असलं की प्लेटी दिवसभर घासतात आणि शेवटी जळतात. एवढी साधी गोष्ट लोकांना पटवताना अण्णाचे केस पिकले.

*

जयसिंगपूरचे एक व्यापारी आले. जीपचा मागचा एक टायर फुटलेला. म्हणाले, "आता एक मोठा, रुंद टायर घाला. दुसरा दिवाळीला बघू."

अण्णा मागनं हात पुसत आला. "पावणं, एका पायात चप्पल आन् दुसऱ्यात गमबूट घालून चालून दावा की!"

गाड्या धुवायचा गमबूट तिथंच पडला होता. पावण्यानं तो खरंच घातला! कोपऱ्यापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "चालतंय की!"

"मग जयसिंगपूरपातूर असंच जावा. जीप राहू दे हितंच."

पावण्यानं गमबूट काढला आणि मुकाट्यानं दोन टायर घेतले.

*

दुसरा किस्सा माझ्याच शहाणपणाचा. साध्या गाडीचं मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, गिअर टाकायचा आणि ते कसं फिरतंय ते बघायचं, ही माझी सवय. लिमिटेड स्लिपवाल्या पहिल्याच जीपला मी तेच केलं. एक चाक हवेत होतं खरं, पण दुसरं जमिनीवर होतं! जीपनं जॅकवरनं उडी मारली आणि मला घेऊन रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेली.

चहावाल्यानं किटलीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाला, "एवढी घाई? हाक मारली असती तर आणून दिला असता की च्या!"

अण्णा धावत आला. आधी माझे हातपाय चाचपून बघितले, मग जीपकडं गेला. तो तसाच होता.

*

मुरगूडच्या कांबळे गुरुजींनी चारही टायर मोठे घालून घेतले. सारखे होते, त्यामुळं अण्णाची हरकत नव्हती. महिन्यानं गुरुजी वही घेऊन हजर. रोजचे किलोमीटर लिहायची त्यांना सवय.

"अहो, मुरगूड कोल्हापूरच्या जवळ आलंय!"

मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर तोडतं, त्यामुळं मीटर कमी दाखवतो, हे अण्णानं समजावलं. गुरुजी जरा हिरमुसले. "म्हंजे कोल्हापूरची सासरवाडी हाय तिथंच हाय म्हणा की!"

*

अण्णाचा एक नियम होता. टायरवरच्या नंबरावर तो विश्वास ठेवायचा नाही. खडूनं टायरवर आणि फरशीवर खूण करायची, गाडी एक फेरा ढकलायची आणि कुठवर गेली ते मोजायचं. नंबर एकच असला तरी नवा आणि झिजलेला टायर यांत दोन-दोन बोटांचा फरक निघायचा. गिऱ्हाइकं वैतागायची, मीही वैतागायचो. धंद्याच्या वेळेला कोण खडू घेऊन बसणार?

म्हणून एकदा नाही मोजलं. अण्णा लग्नाला परगावी गेला होता. कसबा बावड्याचा सर्जेराव आला. त्याची लिमिटेड स्लिपवाली जीप वडापला, माणसं दाटीवाटीनं भरून गावोगाव फिरायची. सवारी खोळंबलेली होती. झिजलेल्या टायरच्या जोडीला मी नवा टायर चढवला.

"मोजलंय न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय की," मी म्हणालो.

पुढं पावसात एका वळणावर जीप मागनं सरकली आणि चरीत गेली. कुणाला लागलं नाही, पण आत बारा माणसं होती. अण्णानं डिफरन्शियल खोललं. प्लेटी जळून निळ्या पडल्या होत्या.

"मोजलंतास?" त्यानं विचारलं.

"मोजलंतं," मी म्हणालो.

त्यानं एक प्लेट माझ्या हातात ठेवली आणि तो उठून गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद!

*

पाच महिने. एकाच छपराखाली दोघं, आणि मधे गिऱ्हाईक उभं.

"अण्णास्नी सांगा, टायर बसवला."

"त्याला सांगा, मला ऐकू येतंय."

लोक हसायचे, मीही हसायचो. घरी गेल्यावर मात्र जेवण गोड लागायचं नाही. वडील गेल्यावर अण्णानंच मला हाताला धरून पाना धरायला शिकवला होता. आणि एक दिवस त्यानं गिऱ्हाइकाकरवीच निरोप दिला, "दिवाळी झाली की मी वेगळा होणार."

*

दिवाळी झाली. टेम्पो आला. अण्णा आपली हत्यारं चढवत होता. मी टायरच्या ढिगाशी उभा होतो. तेवढ्यात सर्जेराव हवा भरायला आला. त्याला बघितलं आणि माझ्यानं राहवलं नाही. अण्णाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "सर्जेराव, तुमची जीप माझ्यामुळं चरीत गेली. मी मोजलं न्हवतं. खोटं बोललो तुमच्याशी, आन् अण्णाशी बी."

सर्जेरावनं हवेची नळी खाली ठेवली.

"आता आणि तुमचं काय? अण्णा तर तवाच घरला येऊन गेल्यात. ‘चूक माझी, मोजायचं माझ्याकडनं ऱ्हायलं,’ म्हणून हात जोडलं त्यांनी. माझ्या आईसमोर! टायर घातला त्या दिवशी ते गावातच न्हवते, ते काय मला कळत न्हाय व्हय?"

मी टेम्पोकडं बघितलं. अण्णा आमच्याकडं पाठ करून उभा होता. हत्यारांची लोखंडी पेटी टेम्पोत चढवून झाली होती. त्यानं कडीला हात घातला आणि ती पुन्हा स्वतःकडं, खाली ओढली. पेटी निम्मी बाहेर आली आणि कलली.

"बघत काय हुबा ऱ्हायलाईस?" पाच महिन्यांनी तो माझ्यावर ओरडला. "धर की त्या बाजूनं! एकट्याला उतरतीय व्हय ही?"