कमलम्मा आणि रुसलेले देश

उदगीरच्या कमलम्मांना सारा गोतावळा लग्नाला बोलावतो तो रुसवे काढायला. मांडवात एखादा जावई तोंड फिरवून बसला, की त्या पदर खोचून त्याच्यापुढे मांडी ठोकतात. मी, त्यांचा शेजारी, उभा जन्म रंगमंचावर काढला, पण इतका चोख प्रवेश कुणाचा पाहिला नाही!

त्यांचा मुलगा सोमेश स्वीडनमध्ये नोकरीला. २०२३ च्या दिवाळीत सून मंजुश्री आणि नातू शिवांश यांचा व्हिसा आला, आणि कमलम्माच अडून बसल्या. रशिया-युक्रेनचं युद्ध पेटलेलं. "स्वीडन नाटोत गेल्याबिगर लेकरू पाठवणार न्हाई."

मग रोज सकाळी त्यांच्या बांगड्यांच्या दुकानात माझं पेपरवाचन! नाटो म्हणजे देशांची लष्करी युती. एकावर वार झाला तर तो सगळ्यांवर झाला असं मानायचं. मध्यंतरी ही फौज पार अफगाणिस्तानात जाऊन आली, आता पुन्हा स्वतःचा उंबरा राखू लागली होती. दोनशे वर्षं कुणाच्या लढाईत न पडलेला स्वीडनही दाराशी उभा होता. पण आत घ्यायला सगळ्यांचा होकार हवा, आणि तुर्कस्तान अन् हंगेरी रुसलेले.

"अण्णा, दोघं रुसले की आधी मोठ्याला उठवायचं. दुसरा मागनं येतोय बघा," कमलम्मा मला म्हणाल्या.

तसंच झालं! जानेवारीत तुर्कस्तान उठला, फेब्रुवारीत हंगेरी. २०२४ च्या महाशिवरात्रीला सकाळीच मी पेपर फडकवत दुकानात शिरलो. "कमलम्मा, स्वीडन आत!"

त्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. "म्हंजे आता दुसऱ्याला कुणी मारलं, तर स्वीडनलाबी धावावं लागंल?"

"लागेल."

"मग न्हाई पाठवत."

माझा पेपर हातातच राहिला. इतक्यात मंजुश्री आतून आली आणि सासूपुढे फरशीवर बसली, पदर खोचून, हुबेहूब कमलम्मांसारखी.

"आत्याबाई, तुर्कस्तान उठला, हंगेरी उठला. आता उदगीरच रुसून बसलंय. बोला, मान काय पाहिजे?"

कमलम्मांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. हसू दाबणं त्यांना जमेना.

"शेजारी मार खातोय आन् आपलं दार बंद, हे मला तरी कुठं पटलं असतं?" त्या म्हणाल्या. "जावा. पण नुसत्या लुगड्यावर उठणार न्हाई मी. उन्हाळ्यात मला तिकडं न्यायचं."

"नेणार!"

कमलम्मा माझ्याकडे वळल्या. "अण्णा, पेपर ठेवा बाजूला. पासपोर्टचं कुठं विचारायचं, ते सांगा आधी."