स्पेनचा कारभारी घाटनांदुरात

चित्र गुंडाळायला बायकोनं दिलेली मऊ गोधडी मी एसटीतच विसरलो. परळीला उतरलो, गाडी धुरळा उडवत गेली, तेव्हा लक्षात आलं. पण चित्र आणायचं म्हणजे आणायचं. अंगातला शर्ट काढून गुंडाळीन, असं ठरवून मी जीपकडे निघालो.

चित्र माझ्या सासऱ्यांच्या हातचं. ते घाटनांदूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पुस्तकातल्या छापील चित्रावरून त्यांनी स्पेनच्या एका दरबारी कारभाऱ्याची तैलरंगात नक्कल केली होती. काळा झगा, घेरदार पोट, वर वळलेल्या मिशा, कमरेला सोन्याची किल्ली. राजा नावाला, देश हाच चालवायचा म्हणे. आता सासरे नाहीत, आणि त्यांचं एवढंच चित्र उरलंय, तेही त्यांच्या जुन्या शेजारणीकडे, काशीबाईंकडे. बायकोचा गुडघा धरलेला, म्हणून मोहीम माझ्यावर.

"कुणाकडलं पाव्हनं?" जीपवाल्यानं विचारलं.

"चित्रकलेच्या मास्तरांचा जावई."

"मग म्होरं या की! गावचा जावई मागं बसतो व्हय?"

पुढे म्हणजे गिअरवर. परळीच्या वीज केंद्रातल्या राखेच्या ट्रकांनी माझा पांढरा शर्ट करडा केला. मग राख सरली आणि दोन्ही अंगाला ज्वारी लागली.

काशीबाईंनी आधी धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट भाकऱ्या) आणि दही पुढे केलं. मी खाता खाता भिंतीकडे पाहिलं, आणि घास तसाच राहिला. कारभारीसाहेब हार घालून बसले होते. कपाळाला गंध, डोक्याला पांढराशुभ्र फेटा!

"आमचे मालक (यजमान)," काशीबाई म्हणाल्या. "जल्मात फोटू काढू दिला न्हाई. तेरवीला म्होरं काय ठिवायचं? मास्तरांनी हे घरातलं चित्र आनलं. फेटा चढवला, डोळे मालकावानी केले. मिशा जुळत हुत्या, त्या तशाच."

"आणि किल्ली?"

"ती ऱ्हाऊ द्या म्हनलं मीच. कुलपं सारी त्येंच्याच हाती हुती."

मी हसलो नाही. निश्चय गोळा करून म्हणालो, "मावशी, मी हे न्यायला आलोय. मास्तरांच्या लेकीसाठी."

त्या उठल्या. "गावच्या जावयानं तोंडानं मागितलं. न्हाई कसं म्हनू?"

हार उतरवला. चित्र पदरानं पुसून बाजेवर ठेवलं. मग तोच पदर डोक्यावर ओढून चित्राला हळू म्हणाल्या, "मास्तरांच्या पोरीकडं चाललाव. तिथं हट्ट करू नका." आणि मला म्हणाल्या, "त्यास्नी ऊन लई सोसत न्हाई."

भिंतीवर एक चौकोन तेवढा उजळ दिसत होता. मी चित्र उचललं आणि पुन्हा खिळ्याला लावलं.

"कावून (का)?" त्या चिडल्याच. "जावई रिकामा गेला तर गाव काय म्हनंल?"

"मग शेंगदाण्याची चटणी द्या."

त्यांनी डबा भरला, तो मावेना तेव्हा पिशवीही भरली.

परतीच्या एसटीत वाटत राहिलं, अख्खा स्पेन चालवणारा माणूस घाटनांदुरात एका घराचा मालक होऊन बसलाय, आणि इथली नोकरी त्याला जास्त मानवलेली दिसतेय.

घरी मी निघताना मोबाइलवर काढलेला चित्राचा फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. बायकोनं फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

मग म्हणाली, "बरं केलंत. इथं आणलं असतंत, तर चार दिवसांत त्याच खिळ्याला, त्याच्या तोंडावरून तुमची पिशवी लटकली असती."