वाळूच्या चार बादल्या

एकाहत्तर साली युद्धाचे वारे वाहू लागले आणि घाटकोपरच्या डोंगराखालच्या चाळीत लवू परबाला नागरी संरक्षणाचा वॉर्डन केलं. गळ्यात सरकारी शिट्टी पडली नि माणसाचं डोकंच फिरलं. आग विझवायला मिळालेल्या वाळूच्या चार लाल बादल्या त्याने गॅलरीत ओळीने ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी त्यातली मूठभर वाळू टोप घासायला उचलली ती त्याच्याच बायकोने, वनमालाने. लवूने ती वाळू परत बादलीत टाकायला लावली आणि तिला सगळ्या चाळीसमोर झापलं. "बॉम्ब पडला की टोप फेकून मारणार काय गं?" चाळ खो खो हसली. त्याच संध्याकाळी त्याने बादल्यांवर झाकणं घातली, वरून साखळी आवळून कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

"अवो, एक तरी उघडी ठेवा," वनमाला म्हणाली.

"तुझ्यासारख्यांसाठीच कुलूप आहे."

आठवड्याने तो शेजारच्या चाळीत शिकवत होता, की रॉकेलच्या आगीवर पाणी नको, वाळू टाका. त्याच वेळी इकडे वनमालाचा स्टोव्ह भडकला. पेटत्या लुगड्यानिशी ती गॅलरीत धावली आणि बादल्यांची साखळी ओढत राहिली. घाबरलेल्या शेजाऱ्यांनी पाणी ओतलं, तशी आग आणखी पसरली. लवू किल्ली घेऊन पोचला तेव्हा साखळीला हात लावता येत नव्हता.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला आले. लवूने कुलूप काढलं. साहेबांनी चारही बादल्यांत डोकावून त्याची पाठ थोपटली.

"शाबास, परब! सगळीकडे बायका वाळू पळवतात. तुझ्याकडे मूठभरही कमी नाही."