लोखंडी कोठीतली पिशवी

घट बसायच्या आठ दिवस आधी आमच्याकडे घर काढतात, म्हणजे रिकामं करून झाडतात-धुतात. भांडी, गोधड्या, डबे, सगळं अंगणात येतं. त्या वर्षी कोठीची खोली माझ्या वाट्याला आली. स्वयंपाकघराला लागून असलेली, एकच झरोका असलेली ही खोली. वर्षभराचा गहू, ज्वारी, डाळी, तिखट, हळद, कुरडया, मूगवड्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं तिथं. सासूबाई, मोठी जाऊ आणि मी, तिघींचा हात त्या खोलीत. वडनेरला आमचं घर अजून एकत्र आहे. दोन भाऊ, एक चूल. लोक कौतुक करतात. मला मात्र लग्नापासून धास्ती होती की हे कधीतरी मोडेल, आणि मोडलं की बोल धाकटीवर, म्हणजे माझ्यावर येईल.

कोपऱ्यात एक जुनी लोखंडी कोठी आहे. बुडाला गंज चढला म्हणून तिच्यात आता धान्य भरत नाहीत. आतली जाळी काढावी म्हणून मी झाकण उचललं, हात घातला, तर बोटांना कापड लागलं. मोठी पिशवी होती, तोंड सुतळीनं आवळलेलं. सोडून बघितली. प्लॅस्टिकच्या लहान बरण्यांत तूर डाळ, मूग डाळ, तिखट, हळद, जिरं. एका पिशवीत तांदूळ, एकीत मूगवड्या. खाली छोटा तवा, लाटणं, एक पातेलं, एक ताट, एक वाटी.

मोठी जाऊ वेगळी निघणार! दुसरं काही माझ्या मनात आलंच नाही. वेगळं निघणारी बाई आधी असाच संसार बाजूला काढते, हे मी माहेरी शेजारच्या घरात पाहिलं होतं. ताट एकच आहे, वाटी एकच आहे, आणि जाऊ, थोरले दीर, त्यांची पोरगी अशी माणसं तीन आहेत, हे समोर दिसत असून दिसलं नाही. सुतळी होती तशी आवळली आणि झाकण लावून दिलं.

सासूबाईंना सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तो जेवत असताना.

"ताई वेगळ्या निघतात वाटते."

"तुले कोणी सांगतलं?"

"कोणी नाई. मले दिसते."

"मंग दिसू दे. भाजी वाढ."

मग मी ती खोली लावायला घेतली. एरवी दोन दिवसांचं काम, मी सहा दिवस लावले. सगळे डबे घासून उन्हात वाळवले, गव्हात निंबाचा पाला घातला, डाळींना एरंडेल चोळलं. एकसारखे डबे एका ओळीत, रोजचं हाताशी, सालाचं वर. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली आणि काय किती आहे याची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावली. शेजारणी बघायला आल्या. सासूबाई म्हणाल्या, "लहानीनं खोली कशी देवघरासारखी केली बाई." मी हसले. डब्यांच्या मागच्या बाजूला मी पेन्सिलीनं बारीक रेघा मारल्या होत्या, डाळ कुठवर आहे, तांदूळ कुठवर आहे, त्याच्या. ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

रेघा मारल्याच्या चौथ्या दिवशी शेंगदाण्याची पातळी रेघेच्या चार बोटं खाली गेली. त्या आठवड्यात आम्ही शेंगदाणे फारसे वापरलेच नव्हते. नंतर गूळ. नंतर काळ्या मसाल्याची एक अख्खी बरणीच गेली. मी रोज भाकरीचं पीठ घ्यायच्या निमित्तानं आत जायचे आणि डब्यांच्या पाठी तपासायचे. जाऊ भाजी चिरत बसलेली असली की तिच्या पदराकडे बघायचे, काही बांधलंय का. ती विहिरीवर गेली तरी किती वेळ लागला, याकडे माझं ध्यान. ती पुतणीशी बोलत असली आणि मी गेले की दोघी गप्प व्हायच्या. माझा संशय पक्का व्हायला तेवढं पुरे होतं.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. मी नवी आले तेव्हा मला इथली कढी, इथले काडीवर वळायचे सरगुंडे तिनंच शिकवले. पण दोन वर्षांपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. का, ते मला माहीत होतं. मी त्या आठवणीकडे जात नसे.

एका दुपारी मी डाळ काढायला गेले तर ती आत उभी. तुरीचा डबा ओळीतून पुढे ओढलेला आणि तिचं बोट माझ्या रेघेवर.

"हे काय होय?"

मी डबा मागे सारायला गेले, तिनं तो धरून ठेवला.

"मी पाह्यलं सगळ्या डब्याईले. तू माह्यावर पहारा ठेवून राह्यली?"

मला राग आला, कारण ती खरं बोलत होती. "मंग त्या कोठीतली पिशवी कोणासाठी हाय? वेगळं निंघायचं असन तर सांगा ना समोर. चोरून काऊन?"

तिनं दार लोटून घेतलं आणि गव्हाच्या पोत्यावर बसली.

"वेगळं निंघू? तीन माणसं एका ताटात जेवतेत का वं?" ती म्हणाली. "पोरीचं हाय थे. तिचा नर्सिंगले नंबर लागला, बुलडाण्याले. होस्टेल नाई भेटलं, खोली केली हाय. तिच्या बापाले अजून माहीत नाई. थे तिच्या लग्नासाठी पाहुणे पाहून राह्यले."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले?" एवढंच म्हणाली ती.

दहावीनंतर पुतणीनं सायन्ससाठी अकोल्याचा फॉर्म भरला होता. तेव्हाही जावेनं फक्त मला सांगितलं होतं, कोणाला बोलू नको म्हणून. चार दिवसांनी अंगणात मूगवड्या घालताना सासूबाईंसमोर माझ्या तोंडून ते निघून गेलं. मुद्दाम नाही. पण निघालं, आणि मोठी बातमी आपल्यालाच ठाऊक आहे याचा एक आनंद त्यात होता, हे आता लपवून काय उपयोग. संध्याकाळी थोरल्या दिरांनी फॉर्म फाडला. पोरगी गावातच आर्ट्सला बसली. आता बारावीनंतर आर्ट्सवर मिळेल असा नर्सिंगचा कोर्स शोधून तिनं स्वतःच नंबर लावला होता.

मी तिथंच खाली बसले. माफी मागावी असं वाटलं, पण शब्द आले ते भलतेच. "तेल नाई टाकलं तुमी पिशवीत," मी म्हटलं.

जाऊ उठली, डबा ओळीत परत सारला आणि बाहेर गेली.

दोन दिवसांनी सासूबाई यादी घेऊन माझ्यासमोर उभ्या. त्यांना दुसरीपर्यंतचं वाचता येतं, आणि माझी यादी मी मोठ्या अक्षरात लिहिलेली.

"इथं डाळ दहा पायल्या लिवली. डब्यात एवढी नाई. कुठं गेली?"

जाऊ चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा भाकरी थापायचा हात थांबला.

"सोंडेकिडे लागले होते, आत्याबाई," मी म्हटलं. "खालची काढून गायीले टाकली."

"मले दाखवलं नाई?"

"तुमी मंदिरात होत्या."

पटलं नव्हतं त्यांना. पण यादी त्यांनी मला परत दिली आणि गेल्या. जावेचा हात पुन्हा चालू झाला. त्या रात्रीच्या जेवणात माझ्या ताटात तिनं स्वतःहून लोण्याचा गोळा ठेवला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी थोरले दीर शेतात गेल्यावर पुतणी निघाली. तेलाची बाटली मी बांधून दिली, वर शेंगदाण्याची चटणी. जाऊ तिला नांदुऱ्याच्या जीपपर्यंत सोडायला गेली. मी मागे घरात थांबले, कारण दीर मधूनच आले तर काहीतरी सांगायला कोणी हवं होतं. ते आले दुपारी. जावेनं त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, दाराच्या चौकटीला धरून. ते ओरडले, ताट सारलं, पाच दिवस कोणाशी बोलले नाहीत. सहाव्या दिवशी विचारलं, "तिथं गॅस हाय का चूल?" मग आम्हाला कळलं की ते पोरीला आता परत आणत नाहीत.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. फोन संध्याकाळी येतो. जाऊ फोन घेऊन अंगणात, चिंचेखाली जाते. मी पाणी भरायला तिकडून गेले की तिचा आवाज अजूनही थोडा खाली उतरतो. काय बोलतात ते मी विचारत नाही.