शेपूट पुढे, पंख मागे

काय हो, भरवसा कुणावर ठेवाल? गणित मांडणाऱ्या इंजिनियरवर, की चिमटीत कापड धरून पाहणाऱ्या माझ्यासारख्या चौथी पास दुकानदारावर? आमच्या कंपूत दोघंही आहेत, म्हणून तर किस्से दुकानातल्या ताग्यांसारखे साचलेत!

पुण्याचे कुलकर्णी इथे बहरीनमध्ये एका कारखान्यात इंजिनियर. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रजांनी करून पाहिलेलं एक विमान त्यांच्या डोक्यात बसलं. शेपूट पुढे, पंख मागे! तसंच लाकूड-कापडाचं, बिनइंजिनाचं विमान मआमीर गावातल्या एका गॅरेजात बांधायचं आणि पिकअपने ओढून उडवायचं. तेही रिटायर होऊन व्हिसा संपायच्या आत! कापड अर्थात माझं, बाब अल बहरीन बाजारातल्या दुकानातलं.

*

त्या काळी पंखाचं कापड साबुदाण्याच्या खळीने ताठ करत, असं कुलकर्ण्यांनी वाचलं. वहिनींनी पातेलंभर खळ करून दिली. "माझी खिचडी चिकट झाली की नाक मुरडतात, आणि विमानाला चिकटच हवं!"

सकाळी पंख डफासारखा वाजला. दुपारी समुद्राची दमट हवा आली आणि तोच पंख ओल्या धोतरासारखा लोंबला.

"कुलकर्णी, आता वार्निश!" मी म्हटलं.

त्यांनी सगळं कापड उसवलं आणि पुन्हा ताणायला घेतलं.

*

खान ड्रायव्हरने विमान ट्रेलरवर उलटं बांधलं. वाटेतल्या सनद गावच्या सिग्नलपर्यंत वाऱ्याने पंख फडफडायला लागले.

"खानभाई, उल्टा बांधा है!"

"साब, परिंदे की दुम पीछे होती है. उल्टा तो आपने बनाया!"

कुलकर्णी उतरले, भर उन्हात दोऱ्या सोडल्या, विमान फिरवलं. "अब यल्ला, चलो!"

*

शेवटचा शुक्रवार. रविवारी कुलकर्ण्यांचं परतीचं तिकीट. अंगाने हलका म्हणून वसईचा फ्रान्सिस, हॉटेलातला अकाउंटंट, आत बसला. समुद्रालगतच्या वाळवंटात पिकअप धावली, विमान नुसतंच मागे घरंगळलं. हवा मफी, वाराच नाही!

"जेवून घेऊ या का?" वहिनी.

"आधी उडेल, मग डबा उघडेल!" कुलकर्णी.

पुन्हा ओढलं. पुन्हा काही नाही. मग एकदाची झुळूक आली. मी वाळूत पालथा पडून चाकांकडे डोळे लावले. खानने गाडी हाणली... धडाम! चाक मोडलं, विमान कलंडलं. सगळे धावले. फ्रान्सिस धडधाकट!

"उडालास का रे? कसं वाटलं?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"काय माहीत! मी डोळे मिटून नमो मरिया म्हणत होतो!"

खान गाडीत, वहिनी धुळीत; त्यांनाही काही दिसलं नव्हतं. कुलकर्णी माझ्याकडे वळले. "शेठ, तुम्ही पाहिलंत? खरं सांगा."

"चाकांखालून पलीकडचा समुद्र दिसला. वीतभर."

ते वाळूत बसले आणि चष्मा पुसत राहिले.

तेव्हा मंडळी, हे पुढे कुणाला सांगाल तर हिशोब चोख ठेवा. वीतभर म्हणजे वीतभरच. हातभर करू नका!