शालीने पुसलेला चेहरा

शंकररावांच्या शोकसभेला जायचं म्हणून सकाळी बूट-पॉलिशची डबी उघडली आणि त्या वासाने डोकं भणाणलं.

म्हैसूरच्या कॉलेजात मी नवा होतो. आमच्या मराठी विद्यार्थी मंडळाच्या स्वागत समारंभात मोठ्या मुलांनी माझ्या तोंडाला काळं पॉलिश फासून मला मंचावर नाचायला लावलं. सगळे खदखदून हसत होते. देवराज मोहल्ल्यातले कापडाचे व्यापारी शंकरराव मंडळाचे जुने सभासद. वाचनालयाला पुस्तकं देणार म्हणून त्यांचा सत्कार होता. ते उठले, नुकतीच पांघरलेली शाल काढली आणि तिनेच माझा चेहरा पुसू लागले. शालीला अत्तराचा वास होता.

“सुम्ने, उगाच गंमत सार!” मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला.

“मग तुझ्या तोंडाला फासू? आधी ह्याची माफी माग.”

त्याने मागितली नाही. शंकरराव सत्कार सोडून निघून गेले. पुस्तकं मात्र दुसऱ्याच दिवशी आली. तेव्हा वाटलं, यांनी उगाच प्रकरण वाढवलं. आज कळतं, अख्ख्या सभागृहात तेवढा एकच माणूस उठला होता.

आणि आज शोकसभेत तोच सेक्रेटरी, आता मंडळाचा अध्यक्ष, गहिवरून सांगत होता, “शंकररावअण्णांना आपली स्वागताची परंपरा फार आवडायची.”

मी ताडकन उभा राहिलो. “साफ खोटं! माझी माफी मागायची राहिलीय अजून.”

अध्यक्ष कागद चाळत राहिले. पुढच्या रांगेतल्या एका नव्या विद्यार्थिनीने मागे वळून विचारलं, “काय झालं होतं, सार?”

मी सगळं सांगितलं, अध्यक्षांचं नाव घेऊन.