हरल्यावर लिहायचं कार्ड

सर्वांत मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी कार्डवाल्या मॅडमचं नाव घेतो. आईला हे ठाऊक आहे आणि तिची त्याला हरकत नाही. आंधळगावच्या आमच्या हायस्कूलमध्ये त्या गणित शिकवत. दहावीचा निकाल लागला की शाळेत पेढे फिरत, पहिल्या आलेल्याच्या गळ्यात हार पडे. मॅडम अर्धा पेढा तोंडात टाकत आणि विचारत, "मागं कोण राहिलं?" मग नापास झालेल्यांची नावं एका कागदावर उतरवून घेत, डोक्यावर पदर ओढत आणि भर उन्हात त्यांच्या घरी निघत. पहिला आलेला मुलगा हार घालून तसाच उभा राही.

आमच्या शेजारची सुनंदा नापास झाली, तेव्हा मी आठवीत होतो. मॅडम त्यांच्या अंगणातल्या खाटेवर येऊन बसल्या. सुनंदाचे वडील म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, आमच्या पोरीचं डोकंच नाही चालत गणितात."

"नाही चालत तं ढकला नं थोडं! तुमची फटफटी रोज ढकलूनच सुरू होते, ते तं नाही टाकली विकून?"

अंगणातले सगळे हसले. घरात तोंड लपवून बसलेली सुनंदाही हसली, ते आम्हाला कुंपणापलीकडून ऐकू आलं. मॅडमनी चहा मागितला, तो सुनंदानेच आणावा असा हट्ट धरला आणि कप रिकामा होईपर्यंत ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा हे ठरवून घेतलं. ती पास झाली. आज ती अंगणवाडीत सेविका आहे.

मॅडमच्या वर्गात खोडरबर चालत नसे. गणित चुकलं तर त्यावर एक तिरकी रेघ मारायची आणि खाली पुन्हा सोडवायचं. फळ्यावरही तेच. कोणी घाईघाईने हाताने पुसायला गेला की मागून आवाज येई, "राहू दे ते! चुकलेलं दिसलं पाहिजे. काय लाज आहे त्यात?" त्यामुळे आमच्या वह्या तिरक्या रेघांनी भरलेल्या असत. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा माझी वही उचलून नाक मुरडलं. मॅडम म्हणाल्या, "साहेब, हा पोरगा एका गणितासाठी चार वेळा बसला, ते दिसून राहिलं." मी राइस मिलमध्ये पोती उचलणाऱ्या माणसाचा मुलगा. माझ्याबद्दल कोणी मोठ्या माणसाला काही चांगलं सांगितल्याची ती पहिलीच वेळ होती.

आमचा निरोप समारंभ फेब्रुवारीत झाला. नववीच्या मुलांनी चिवडा आणि गुलाबजाम वाटले. सगळ्या सरांची भाषणं झाली: शाळेचं नाव काढा, आईबापाचे पांग फेडा, आमची मान खाली जाईल असं काही करू नका. मुली रडत होत्या. मॅडम भाषणाला उठल्या नाहीत. त्या कधीच उठत नसत. कार्यक्रम संपल्यावर त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक पोस्टकार्ड देऊ लागल्या. त्यावर त्यांचा आंधळगावचा पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला होता. मागची बाजू कोरी.

"पास झाल्यावर लिहायचं नाही. ते मले गाव सांगते," त्या प्रत्येकाला म्हणत होत्या. "पहिल्यांदा हरशील, त्या दिवशी लिही."

आमच्यातला चंदू वात्रट होता. तो म्हणाला, "मॅडम, मी तं सराव परीक्षेतच हरलो. आत्ताच देऊ काय लिहून?"

"दे नं. पण हातात नाही घेणार मी. पोस्टानं आलं पाहिजे."

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी कार्ड माझ्या हातात देऊन क्षणभर तसंच धरून ठेवलं. "तू लपवशील," त्या म्हणाल्या. "तुले सांगून ठेवतो, लपवू नको."

मी लपवलं. बारावीनंतर भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो आणि पहिल्याच वर्षी नापास झालो, तेही गणितात. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्या पायरीवरून घसरलो हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मी पास झालो म्हणून सांगितलं. कार्ड खोलीवरच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी होतं. दुसऱ्या विषयात नापास झालो असतो तर कदाचित लिहिलंही असतं. पुढच्या वर्षी मी गुपचूप पेपर काढला, पदवी घेतली, खूप नंतर तहसील कार्यालयात लिपिक म्हणून लागलो. कार्ड प्रत्येक खोलीवर माझ्याबरोबर राहिलं.

नोकरी लागली तेव्हा मॅडम निवृत्त होऊन जवाहरनगरला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. जावई फॅक्टरीत, दोन खोल्यांचं क्वार्टर. मी पेढे घेऊन गेलो. त्या फार वाळल्या होत्या. किडनीचा आजार, आठवड्यातून दोनदा दवाखाना. तरी पेढा अर्धाच मोडून घेतला. खाटेखालून एक बिस्किटांचा डबा ओढून त्यांनी मांडीवर घेतला. तो कार्डांनी भरलेला होता.

"चंदूची तीन आली," त्या हसल्या. "दोन त्यानं स्वतः विकत घेतली. तुझं नाही आलं. काहून रे, हरलाच नाही काय?"

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. मी म्हणालो, "नाही मॅडम. तुमच्या आशीर्वादानं सगळं नीट झालं."

डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "माझ्या पहिल्या दहावीत एक पोरगा होता. आंबागडकडचा. हुशार. त्या वर्षी मी निरोपाचं भाषण केलं होतं. त्याच्याकडे पाहून म्हटलं, बापू, शाळेची मान खाली नको जाऊ देऊ. नागपूरले शिकाले गेला अन् पहिल्याच वर्षी नापास झाला. कोणाले सांगितलं नाही. दोन दिवाळ्या घरी येऊन पास झालो म्हणे. तिसऱ्या दिवाळीले आलाच नाही. कुठं गेला, आजवर पत्ता नाही. त्याची माय अजूनही राशनकार्डातून त्याचं नाव कमी करू देत नाही."

मग डबा खाटेखाली सरकवत म्हणाल्या, "मान गेली असती खाली तं काय झालं असतं रे? पण मीच तं सांगून ठेवलं होतं."

त्यांच्या भाषणाला न उठण्याचं कारण मला तेव्हा कळलं. मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही, पण लेक चहा घेऊन आली, जावई कोणत्या टेबलावर काम करता म्हणून विचारू लागले आणि मी साहेबासारखा उत्तरं देत बसलो. निघताना मॅडमनी दारापर्यंत यायचा प्रयत्न केला. त्यांना उठता आलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी ट्रंक उघडली. कार्डाचे कोपरे पिवळे पडले होते. त्यावरचा आंधळगावचा पत्ता आता उपयोगाचा नव्हता. मी दुसरं कार्ड आणू शकलो असतो. आणलं नाही.

चार दिवसांनी त्यांच्या लेकीचा फोन आला. कार्ड मिळालं होतं. मॅडमना आता वाचता येत नव्हतं, म्हणून तिने वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "आलं एकदाचं. डब्यात ठेव." पुढच्या महिन्यात मॅडम गेल्या. तेरवीला मी गेलो, तेव्हा लेकीने डबा पुढे केला. हवं असेल तर आपलं कार्ड परत न्या म्हणाली. मी नेलं नाही. ते तिथंच, बाकीच्यांत असायला हवं होतं. मोबाइलवर फक्त फोटो काढून घेतला. त्यावरून, फक्त माझं नाव गाळून, इथे उतरवतो आहे.

"आदरणीय मॅडम,

साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी नापास झालो होतो. गणितात. बाबांना पास झालो म्हणून सांगितलं. त्यांनी मिलमधल्या सगळ्यांना बुंदी वाटली आणि उरलेली माझ्यासाठी रुमालात बांधून आणली. ती मी खाल्ली. बाबांना खरं कधी सांगितलं नाही, आणि आता ते राहिले नाहीत.

तुम्ही लपवू नको म्हणाला होतात, ते रोज आठवत होतं.

तुमचा जुना पत्ता पुसलेला नाही. एक तिरकी रेघ मारून खाली नवा लिहिला आहे.

मी हरलो होतो, मॅडम. कळवायचं राहिलं होतं, ते कळवतो.

तुमचा विद्यार्थी,
दहावी 'ब'"